वार्षिक करारावरची कामगार कायदा सल्लासेवा : एका मशीन शॉपचे परीक्षण

कोल्हापूर परिसरातील शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल या औद्योगिक वसाहतींत तीस ते साठ माणसांवर चालणारी मशीन शॉप आणि फौंड्री युनिटे मोठ्या संख्येने आहेत. अशा युनिटमध्ये स्वतंत्र एचआर विभाग नसतो. हजेरी मस्टर, पगारपत्रक, पीएफ (भविष्यनिर्वाह निधी) आणि ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) यांची चलने, रजेचे अर्ज हे सगळे हिशेब पाहणाऱ्या एकाच माणसाच्या टेबलावर असते, आणि प्रत्यक्ष माणसे सांभाळण्याचे काम सुपरवायझरच्या स्वभावावर सोडलेले असते. ही उणीव भरून काढण्यासाठी कामगार कायद्याचा सल्ला देणाऱ्या फर्म दरमहा ठरावीक शुल्कावर सेवा देतात. आमच्या मशीन शॉपने अशी एक सेवा घेतलेली असून कराराचे नूतनीकरण करण्यापूर्वी तिचे गुणदोष लिहून काढावेत, म्हणजे ते इतर लघुउद्योजकांनाही उपयोगी पडतील, असे वाटले. फर्मचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण पुढे त्रुटींचाही उल्लेख आहे आणि याच धर्तीच्या फर्म पुणे, नाशिक, छत्रपती संभाजीनगर अशा प्रत्येक औद्योगिक शहरात असल्यामुळे वाचकाला नावापेक्षा पारखण्याची रीत अधिक उपयोगाची आहे.

आमचा करार दरमहा बारा हजार रुपये अधिक जीएसटी असा आहे. त्यात पगारपत्रकाची तपासणी, सर्व मासिक आणि वार्षिक भरणा, आवश्यक रजिस्टरे, महिन्यातून एकदा कारखान्याला भेट आणि फोनवरील सल्ला यांचा समावेश होतो. शिस्तभंगाची चौकशी, कामगार न्यायालयातील हजेरी आणि सुपरवायझरांचे प्रशिक्षण यांचे शुल्क वेगळे आकारले जाते. करारावर सही करताना ही विभागणी आम्हाला किरकोळ वाटली होती. प्रत्यक्षात मात्र ज्या गोष्टी वेगळ्या शुल्काच्या यादीत होत्या, त्यांतच या सेवेचे खरे मोल दिसून आले.

भरण्याच्या कामाबद्दल फार लिहिण्यासारखे नाही, आणि ही त्या कामाची स्तुतीच आहे. पीएफ आणि ईएसआय या दोन्हींची मुदत पुढील महिन्याच्या १५ तारखेला संपते, म्हणून फर्मकडून चलनाचा मसुदा १० तारखेच्या आत येतो. कर्मचाऱ्याच्या पगारातून कापलेला पीएफचा हिस्सा एक दिवस जरी उशिरा भरला, तरी प्राप्तिकरात त्या रकमेची वजावट कायमची जाते, असा सर्वोच्च न्यायालयाचा ऑक्टोबर २०२२ मधील निकाल होता, आणि ही गोष्ट आमच्या करसल्लागाराच्या आधी या फर्मने आमच्या लक्षात आणून दिली. महाराष्ट्र कामगार कल्याण निधीची जून आणि डिसेंबरमधील वर्गणी, फेब्रुवारीत दोनशेऐवजी तीनशे रुपये कापावा लागणारा व्यवसाय कर, किमान वेतनातील विशेष भत्त्याचे सहामाही बदल अशा छोट्या पण हमखास राहून जाणाऱ्या बाबी त्यांच्या वेळापत्रकात व्यवस्थित बसलेल्या आहेत. मात्र एवढेच काम करून घ्यायचे असेल, तर ते एखादा चांगला अकाउंटंटही करू शकतो आणि त्यासाठी बारा हजार रुपये मोजण्याचे कारण नाही.

सल्लागाराला शुल्क कशासाठी द्यायचे, याचे माझे उत्तर असे आहे की मालक किंवा सुपरवायझर चुकीचे पाऊल टाकण्याच्या बेतात असताना त्याने स्पष्टपणे ‘थांबा’ म्हटले पाहिजे. भरलेल्या चलनांची थप्पी पाहून या सेवेचे मोजमाप करता येत नाही. सल्लागाराने किती वेळा आणि किती वेळेवर अडवले, हे पाहावे लागते. पुढील परीक्षण मी याच कसोटीने केले आहे.

पहिली अडवणूक अगदी सुरुवातीला झाली. आमच्याकडे नवीन हेल्पर आला की तो टिकतो का हे पाहण्यासाठी पहिले काही दिवस त्याचे नाव कच्च्या वहीत ठेवण्याची पद्धत होती आणि ती या भागात सर्रास आहे. ईएसआय क्रमांक तयार झाल्याखेरीज कोणीही मशीनजवळ जाणार नाही, असा नियम सल्लागारांनी पहिल्याच भेटीत घालून दिला. त्यामागचे कारणही त्यांनी नीट समजावून सांगितले. दरमहा २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेल्या कामगारासाठी मालकाने ३.२५ टक्के आणि कामगाराने ०.७५ टक्के वर्गणी भरली की कामावरील अपघाताचे उपचार आणि अपंगत्वाचे लाभ महामंडळाकडून मिळतात. परंतु नोंदणीच केलेली नसेल, तर त्या खर्चाचा आणि नुकसानभरपाईचा बोजा मालकावर येऊ शकतो. पॉवर प्रेसवर बोट जाण्यासाठी नोकरीचा पहिला दिवसही पुरेसा असतो. नोंदणी ऑनलाइन असल्याने तिला फारसा वेळ लागत नाही, म्हणून ही सवय लागण्यास काही अडचण आली नाही.

दुसरा विषय पगाराच्या रचनेचा होता. मूळ पगार कमी दाखवून उरलेली रक्कम घरभाडे, प्रवास, धुलाई, विशेष भत्ता अशा नावांनी देण्याची आणि त्यायोगे पीएफ वाचवण्याची युक्ती आपल्याकडे अनेक वर्षे चालत आली. सर्वांना सरसकट दिले जाणारे भत्ते पीएफसाठी मूळ वेतनातच धरावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१९ मध्ये सांगितल्यावर तिला पहिला धक्का बसला. त्यानंतर २१ नोव्हेंबर २०२५ पासून जुने कामगार कायदे एकत्र करणाऱ्या चारही श्रम संहिता लागू झाल्या आणि वेतनाच्या व्याख्येतून वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून अधिक असतील, तर वरची रक्कम वेतनात धरली जाईल, असे कायद्यातच आले. या बदलानंतर गावोगावी व्याख्याने झाली, समाजमाध्यमांवर भीती पसरली आणि हातात येणारा पगार कमी होणार म्हणून आमच्या शॉप फ्लोअरवरही कुजबुज सुरू झाली. सल्लागारांनी व्याख्यान न देता प्रत्येक कामगाराच्या नावापुढे जुनी आणि नवी आकडेमोड मांडून दिली. पीएफ १५,००० रुपयांच्या मर्यादेवर कापला जात असेल आणि तसाच ठेवला, तर हातातील रकमेत फरक पडत नाही. ग्रॅच्युइटी आणि रजेच्या रोखीकरणाचे मालकावरील दायित्व मात्र वाढते, आणि त्यासाठी आतापासून तरतूद करावी लागेल, हे त्यांनी कागदावर दाखवले. तोच तक्ता आम्ही नोटीस बोर्डाजवळ उभे राहून कामगारांना समजावून सांगितला आणि कुजबुज थांबली. संपूर्ण करारातील हे सर्वात नेटके काम होते, असे मी म्हणेन.

आता ज्या प्रकरणामुळे या सेवेबद्दलचे आमचे मत खऱ्या अर्थाने बनले, त्याविषयी थोडे सविस्तर लिहितो. दुसऱ्या शिफ्टमध्ये एका जुन्या ऑपरेटरचा आणि सुपरवायझरचा रिजेक्शनवरून (सदोष म्हणून नाकारलेल्या मालावरून) वाद झाला, आवाज चढले, ऑपरेटरने अपशब्द वापरले आणि सुपरवायझरने चारचौघांत त्याला ‘उद्यापासून येऊ नकोस’ असे सांगितले. दुसऱ्या दिवशी तो आला नाही. बहुतेक कारखान्यांत अशा वेळी ‘गेला तर गेला, हिशेब करून टाका’ असे म्हटले जाते. सल्लागारांना फोन केल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला की त्याला लेखी काही दिले आहे का, आणि नाही असे उत्तर मिळताच त्याच दिवशी एक पत्र पाठवण्यास सांगितले.

ते पत्र मराठीत होते आणि अर्ध्या पानाचेही नव्हते. आपण अमुक तारखेपासून रजेचा अर्ज न देता गैरहजर आहात, कंपनीने आपल्याला कामावरून कमी केलेले नाही, आपण ताबडतोब कामावर हजर व्हावे, त्या रात्रीच्या घटनेबाबत आपले म्हणणे स्वतंत्रपणे ऐकून घेतले जाईल, एवढाच त्यातील मजकूर होता. ते नोंदणीकृत डाकेने पाठवले, एक प्रत व्हॉट्सअ‍ॅपवर दिली आणि एक नोटीस बोर्डावर लावली. या अर्ध्या पानाचे महत्त्व असे की तोंडी सांगून कामगाराला घरी बसवणे ही कायद्याच्या दृष्टीने सेवासमाप्तीच ठरू शकते. ज्याने वर्षभरात २४० दिवस काम केले आहे अशा कामगाराला नोटीस किंवा नोटिशीचा पगार आणि सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांच्या वेतनाची भरपाई न देता कमी केले, तर ती कारवाई न्यायालयात टिकत नाही. पुढे खटला चार-पाच वर्षे चालला आणि निकाल विरुद्ध गेला, तर पुनर्नियुक्तीबरोबर मागील पगाराचा प्रश्न उभा राहतो. बेकायदा सेवासमाप्तीत सेवेच्या सलगतेसह आणि मागील वेतनासह पुनर्नियुक्ती हाच सर्वसाधारण नियम असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये दीपाली सुरवसे प्रकरणात सांगितले आहे, आणि ते प्रकरण महाराष्ट्रातीलच होते. काम न करून घेता अनेक वर्षांचा पगार देण्याची वेळ आलेली छोटी युनिटे आपल्या आसपास सापडतील.

ऑपरेटर पत्र मिळाल्यावर कामावर आला. त्यानंतर रीतसर आरोपपत्र देण्यात आले. त्यात ‘गैरवर्तन केले’ असे मोघम न लिहिता तारीख, वेळ, मशीन, कोणते शब्द उच्चारले आणि कोण उपस्थित होते, हे सगळे नमूद करण्याचा सल्लागारांचा आग्रह होता. त्याला खुलासा देण्यास मुदत दिली. चौकशी अधिकारी म्हणून कारखान्याबाहेरचे एक वकील नेमले गेले, कंपनीची बाजू मांडण्यास आमचा स्टोअर इनचार्ज उभा राहिला आणि ऑपरेटरने आपल्या मदतीला एका सहकाऱ्याला आणले. ज्या सुपरवायझरशी वाद झाला त्याने केवळ साक्ष दिली. तक्रारदार, साक्षीदार आणि निवाडा करणारा या तिन्ही भूमिकांत एकच माणूस राहणार नाही याची काळजी घेतली गेली. कामकाज मराठीत लिहिले गेले, प्रत्येक पानावर सर्वांच्या सह्या झाल्या आणि प्रत्येक बैठकीची प्रत ऑपरेटरला मिळाली.

चौकशीत आरोपाचा काही भाग सिद्ध झाला, पण सुपरवायझरनेही आधी डिवचले होते, हे साक्षीतून बाहेर आले. या ठिकाणी सल्लागारांनी दुसऱ्यांदा अडवले. आमच्या भागीदारांपैकी एकाची इच्छा बडतर्फीची होती. दहा वर्षांहून अधिक काळ स्वच्छ सेवा असलेल्या माणसाला एका रात्रीच्या भांडणासाठी काढून टाकणे ही अपराधाच्या मानाने फाजील शिक्षा ठरेल आणि महाराष्ट्रातील १९७१ च्या अनुचित कामगार प्रथांविषयीच्या कायद्याखाली कामगार न्यायालयात तक्रार होऊ शकेल, असे त्यांनी लेखी कळवले. शेवटी चार दिवसांचे बिनपगारी निलंबन झाले, सुपरवायझरलाही लेखी ताकीद देण्यात आली आणि दोघेही आज त्याच शिफ्टमध्ये काम करीत आहेत. सुपरवायझरला दिलेल्या ताकिदीचा शॉप फ्लोअरवर जो परिणाम झाला, तो मला शिक्षेपेक्षा मोठा वाटतो. नियम दोन्ही बाजूंना लागू होतात, हे लोकांनी पाहिले. या चौकशीचे शुल्क आम्हाला वेगळे द्यावे लागले आणि ते दोन महिन्यांच्या रिटेनरपेक्षा, म्हणजे दरमहाच्या ठरावीक शुल्कापेक्षा, थोडे जास्त होते. तरीही ते महाग पडले, असे मी म्हणू शकत नाही.

या प्रकरणानंतर आम्ही सुपरवायझर आणि चार्जहँड यांच्यासाठी अर्ध्या दिवसाचे प्रशिक्षण घेतले. त्यात कलमे जवळजवळ नव्हती आणि तेच योग्य होते. कामगाराची चूक त्याला बाजूला घेऊन सांगावी, जातीवरून, गावावरून किंवा घरच्या परिस्थितीवरून काहीही बोलू नये, एकाच चुकीसाठी एकाला समज आणि दुसऱ्याला मेमो असे करू नये, घडलेली घटना त्याच दिवशी दोन ओळींत लिहून ठेवावी, रजा नाकारायची असेल तर अर्जावर कारण लिहून नाकारावी, अशा सूचना प्रत्यक्ष उदाहरणांसह दिल्या गेल्या. पगारातून दंड कापण्याच्या सवयीवर तर त्यांनी चांगलाच वेळ घेतला. दंड कोणत्या चुकांसाठी होईल हे आधी जाहीर केलेले असावे लागते, कामगाराला म्हणणे मांडण्याची संधी द्यावी लागते, एका वेतनकाळातील दंड वेतनाच्या तीन टक्क्यांपेक्षा अधिक असू शकत नाही आणि ती रक्कम मालकाच्या खिशात न जाता कामगारांच्या हितासाठीच वापरावी लागते, हे ऐकून ‘लेटमार्क झाला की अर्धा दिवस कापा’ असा हिशेब करणारे आमचे टाइमकीपर बराच वेळ गप्प बसले होते. गैरहजेरीचे पैसे कापणे वेगळे आणि दंड करणे वेगळे, हा भेद त्या दिवसापासून आमच्या पगारपत्रकात दिसू लागला.

तात्पुरत्या कामगारांच्या बाबतीत मात्र फर्मचा अनुभव दुहेरी आहे. आपल्या औद्योगिक पट्ट्यांत कामगाराचे २४० दिवस भरू नयेत म्हणून सहा-सात महिन्यांनी ‘ब्रेक’ देऊन पुन्हा त्यालाच बोलावण्याची पद्धत जुनी आहे. महिन्याच्या भेटीला येणाऱ्या फर्मच्या एका कनिष्ठ प्रतिनिधीने आम्हाला हाच मार्ग सुचवला आणि ब्रेकच्या तारखांचा तक्ताही करून दिला. वर उल्लेख केलेल्या १९७१ च्या कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत, कायम कामगाराचे लाभ नाकारण्याच्या हेतूने माणसांना वर्षानुवर्षे बदली (दुसऱ्याच्या जागी काम करणारे), नैमित्तिक किंवा तात्पुरते म्हणून ठेवणे ही अनुचित प्रथा म्हणून स्पष्टपणे नोंदलेली आहे, आणि असा तारखांचा तक्ता म्हणजे त्या हेतूचा लेखी पुरावाच झाला असता. आम्ही तो मुख्य सल्लागारांना दाखवल्यावर त्यांनी तो लगेच मागे घेतला. काम खरोखरच मुदतीचे असेल तर निश्चित मुदतीचे लेखी करार करा, त्यांना कायम कामगारांइतकेच वेतन, भत्ते आणि कामाचे तास द्या आणि एक वर्ष पूर्ण केलेल्यांच्या ग्रॅच्युइटीची तरतूद ठेवा, असा योग्य सल्ला त्यांनी दिला. फर्मच्या नावावर असलेले ज्ञान दारात येणाऱ्या माणसाकडे असेलच असे नाही, हा धडा त्यांच्यापेक्षा ग्राहकाने लक्षात ठेवण्यासारखा आहे.

कंत्राटी कामगारांच्या बाबतीतील कामही अपुरे वाटले. पॅकिंग आणि साफसफाईसाठी आमच्याकडे ठेकेदाराची माणसे आहेत. फर्मने ठेकेदाराबरोबरच्या कराराचा उत्तम मसुदा दिला, त्यात सर्व जबाबदाऱ्या ठेकेदारावर टाकल्या आणि तिथेच काम संपल्याचे समजले. वास्तविक ठेकेदाराने वेतन दिले नाही, तर ते देण्याची जबाबदारी मूळ मालकावर, म्हणजे ज्याच्या कारखान्यात काम चालते त्याच्यावर, येते, आणि पीएफ भरला नाही, तर वसुलीही मूळ मालकापर्यंत पोहोचते. करारातील कलम दाखवून ती टळत नाही. त्यामुळे ठेकेदाराचे बिल मंजूर करण्यापूर्वी त्याच्या पीएफ चलनाबरोबरची नावनिहाय यादी आमच्या गेटवरील हजेरीशी ताडून पाहणे आवश्यक असते. केवळ एकूण रकमेचे चलन जोडलेले असेल, तर त्यावर दुसऱ्याच कारखान्यातील माणसांची नावे असू शकतात. हा ताळा घेण्याची मागणी आम्हाला करावी लागली, त्यांनी ती आपणहून सुचवली नाही. चढ-उतार करणाऱ्या माणसांच्या बाबतीत १९६९ च्या माथाडी कायद्याचा आणि मंडळाच्या नोंदणीचा विषयही आम्ही विचारेपर्यंत निघाला नव्हता, आणि माल रोज ट्रकने येणाऱ्या-जाणाऱ्या युनिटसाठी ही उणीव लहान म्हणता येणार नाही.

सर्वात निराशाजनक भाग लैंगिक छळ प्रतिबंधाच्या कामाचा आहे. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी २०१३ च्या कायद्यानुसार अंतर्गत समिती असावी लागते. तिच्या अध्यक्षपदी वरिष्ठ महिला कर्मचारी असावी, निम्म्याहून कमी महिला नसाव्यात आणि एक सदस्य बाहेरील, या प्रश्नांची जाण असलेला असावा, अशी अपेक्षा आहे. फर्मने नमुना आदेश पाठवला आणि बाहेरील सदस्य म्हणून आपल्याच कार्यालयातील एका व्यक्तीचे नाव घातले. जी फर्म मालकाकडून दरमहा शुल्क घेते, तिचाच माणूस समितीत तटस्थ म्हणून बसवणे मला पटले नाही. भिंतीवर लावायचा फलक इंग्रजीत होता. प्रशिक्षण ऑनलाइन झाले आणि त्यातील सारी उदाहरणे वातानुकूलित कार्यालयांतील ईमेल आणि पार्ट्यांची होती. इन्स्पेक्शन आणि पॅकिंगच्या टेबलावर उभ्या राहून काम करणाऱ्या, रात्री कंपनीच्या गाडीने घरी जाणाऱ्या आमच्याकडील महिलांना त्यातले काय लागू पडावे, हा प्रश्नच होता. वार्षिक अहवाल मात्र ‘तक्रारी : शून्य’ असा भरून वेळेवर तयार होता.

या विषयातील निष्काळजीपणा दोन्ही बाजूंना महागात पडतो. गोवा विद्यापीठातील एका प्राध्यापकाच्या प्रकरणात मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बडतर्फीचा आदेश रद्द केला. समितीने चौकशी इतक्या घाईने उरकली होती की बचावाची पुरेशी संधीच मिळाली नव्हती, आणि त्यामुळे अनेक वर्षांनी चौकशी पुन्हा करण्याची वेळ आली. म्हणजे समितीला प्रक्रिया माहीत नसेल, तर तक्रारदार महिलेलाही न्याय मिळत नाही आणि ज्याच्यावर आरोप आहे त्यालाही नाही. तक्रार साधारणपणे तीन महिन्यांत करायची असते, चौकशी नव्वद दिवसांत पूर्ण करायची असते आणि अहवालावर साठ दिवसांत कारवाई अपेक्षित असते. या मुदती समितीच्या सदस्यांना ठाऊक असणे हे किमान मानले पाहिजे. आम्ही फर्मने सुचवलेले नाव बदलून महिलांच्या प्रश्नांवर कोल्हापुरात काम करणाऱ्या एका ज्येष्ठ कार्यकर्तीला विनंती केली, फलक मराठीत आणि हिंदीत करून घेतला आणि समितीच्या सदस्यांची नावे व फोन क्रमांक महिलांच्या विश्रांतिगृहात लावले. त्यानंतर रात्रीच्या गाडीच्या चालकाविषयीची कुरबूर प्रथमच कार्यालयापर्यंत पोहोचली.

भाषेबद्दलची तक्रार केवळ या फलकापुरती नाही. नेमणूकपत्र, स्थायी आदेशांचा (कारखान्यातील सेवाशर्तींच्या नियमांचा) सारांश, रजेचा अर्ज, पगाराची स्लिप अशा फर्मकडून येणाऱ्या बहुतेक गोष्टी इंग्रजीत असतात. नवीन संहितेनुसार प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र द्यावे लागते आणि आम्ही ते सर्वांना दिले. परंतु जे पत्र वाचून कामगाराला आपले कामाचे तास, ओव्हरटाइमचा दुप्पट दर आणि रजेचा हिशेब समजत नाही, त्यावर त्याची सही घेण्याने पुढे वाद उद्भवला तर कितीसा आधार मिळणार? ऑपरेटरच्या प्रकरणात मराठीत उत्तम पत्र लिहिणारी हीच फर्म इतर वेळी इंग्रजीतले छापील नमुने का पाठवते, याचे उत्तर मला मिळालेले नाही. बहुधा नमुने पुण्या-मुंबईच्या मोठ्या कंपन्यांसाठी एकदा तयार केलेले असतात आणि त्यात फक्त नाव बदलले जाते. वीस किंवा अधिक कामगार असल्यास लागणारी तक्रार निवारण समिती त्यांनी स्थापन करून दिली, तिच्यात मालक आणि कामगारांचे सदस्य समसमान आहेत आणि तिच्या बैठकांचे कामकाज आम्ही स्वतः मराठीत लिहितो. पिण्याच्या पाण्याचा कूलर, ओव्हरटाइमची पाळी आणि कँटीनच्या कुपनांचे भांडण असे विषय आता त्या टेबलावर संपतात, लेबर ऑफिसपर्यंत जात नाहीत.

नोकरी सोडणाऱ्यांच्या हिशेबाबाबत एक गोष्ट नोंदवली पाहिजे. राजीनामा दिला की फुल अँड फायनल, म्हणजे अखेरचा हिशेब, पुढील महिन्याच्या पगाराबरोबर, किंवा त्याच्याही नंतर करण्याची आमची जुनी रीत होती. आता राजीनामा असो की काढून टाकणे असो, वेतनाची देणी दोन कामकाजाच्या दिवसांत चुकती करावी लागतात. फर्मने त्यासाठी एक पानी यादी तयार करून दिली असून टूल्स परत घेणे, ओव्हरटाइमचे तास ताडून पाहणे आणि शिल्लक रजेचा हिशेब ही कामे शेवटच्या दिवसाच्या आधीच सुरू होतात. ग्रॅच्युइटी मात्र वेगळी, ती देय झाल्यापासून तीस दिवसांत द्यायची. ही यादी साधी आहे, पण रोज वापरात आहे.

प्रतिसादाच्या वेळेबाबत बोलायचे तर मुख्य सल्लागार फोनवर त्याच दिवशी भेटतात, ईमेलचे उत्तर यायला आठवडा लागू शकतो. सल्ला तोंडी मिळाला की तो आम्ही स्वतः ईमेलने लिहून त्यांना पाठवतो आणि ‘बरोबर’ एवढे उत्तर मागून घेतो. न्यायालयीन कामासाठी ही फर्म स्थानिक वकिलांवर अवलंबून आहे. कोल्हापुरात ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाल्यामुळे औद्योगिक न्यायालयाच्या आदेशाविरुद्ध दाद मागण्यासाठी मुंबईच्या फेऱ्या करण्याची गरज आता उरलेली नाही, आणि याचा फायदा कामगारालाही तितकाच होणार आहे. खटला लांबवून कामगाराला थकवण्याचा सल्ला देणारे लोक या क्षेत्रात आहेत. आमच्या फर्मने तसा सल्ला कधीही दिला नाही, हे तिच्या बाजूने नमूद करणे आवश्यक आहे.

पंचवीस ते शंभर माणसांच्या आणि स्वतःचा एचआर अधिकारी नसलेल्या उत्पादन युनिटला अशी सेवा घेण्याची शिफारस मी करतो, आणि आमच्या फर्मला पाचपैकी साडेतीन तारे देतो. दहापेक्षा कमी माणसांच्या दुकानाला किंवा वर्कशॉपला दरमहाचा रिटेनर परवडणार नाही. त्यांनी वर्षातून एकदा तपासणी करून घ्यावी आणि एखाद्याला कामावरून कमी करण्याची वेळ आली, तर तेवढ्यापुरता सल्ला विकत घ्यावा. फर्म निवडताना तिच्या ग्राहकांची यादी विचारण्यापेक्षा तिने चालवलेल्या एखाद्या चौकशीचे कागद, नावे झाकून, पाहायला मागावेत. ते मराठीत आहेत का आणि कामगाराचे म्हणणे त्यात पुरेपूर उतरले आहे का, एवढे पाहिले तरी बरेच कळते.

नूतनीकरण आम्ही केले आहे, परंतु चार बदल लिहून घेऊन : महिन्याच्या भेटीला किमान दर तीन महिन्यांनी मुख्य सल्लागारांनी स्वतः यावे, ठेकेदाराच्या चलनाची नावनिहाय तपासणी रिटेनरमध्येच धरावी, कामगाराच्या सहीसाठी येणारा प्रत्येक कागद मराठीत असावा आणि अंतर्गत समितीचे प्रशिक्षण कारखान्यात, समोरासमोर व्हावे. पहिल्या तीन अटी त्यांनी लगेच मान्य केल्या. चौथीसाठी त्यांनी वेगळे शुल्क मागितले, त्यामुळे ते काम आम्ही समितीच्या बाहेरील सदस्यांनाच सांगितले आहे.